स्थूल अर्थशास्त्रापासून विकेंद्रित वित्तव्यवस्थेपर्यंत : कोकणातील विद्यार्थ्यासाठी अभ्यासाचा मार्ग

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, अथवा पदवी घेऊन पतसंस्थेत, बँकेत किंवा घरच्या आंबा-काजूच्या व्यवसायात काम करणाऱ्या ज्या कोणाला देशाची अर्थव्यवस्था एकंदरीत कशी चालते हे पद्धतशीरपणे शिकायचे आहे, आणि त्याच्या जोडीने ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राखल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीवर, उभ्या राहिलेल्या विकेंद्रित वित्तव्यवस्थेचा, म्हणजे ‘डीफाय’चा, विद्यापीठीय पातळीवर अभ्यास करायचा आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. दोन्ही विषय एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम आपल्या परिसरात मिळणे कठीण आहे. मात्र दोन्हींचे चांगले अभ्यासक्रम स्वतंत्रपणे, आणि त्यांपैकी बरेचसे विनामूल्य, घरी बसून करता येतात. ते कोणत्या क्रमाने करावेत आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतः काय करून पाहावे, हे पुढे दिले आहे.

क्रमाबाबत माझे मत ठाम आहे : आधी स्थूल अर्थशास्त्र आणि मगच डीफाय. तारणावर दिलेले कर्ज, ठेवीवरचे व्याज, डॉलरच्या मूल्याशी बांधलेले चलन, बाजारात खरेदी-विक्रीसाठी पुरवलेली तरलता या डीफायमधल्या गोष्टी बँकिंग आणि चलनव्यवस्थेत पूर्वीपासून आहेत. नवे आहे ते त्यांची अंमलबजावणी करणारे यंत्र. व्याज कोण देतो आणि कोणत्या उत्पन्नातून देतो, हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागलेली नाही, त्याला पडद्यावर दिसणारा वार्षिक वीस टक्के परतावा तपासता येत नाही. तो एक तर त्यावर विश्वास ठेवतो किंवा सगळ्याच विषयाला जुगार म्हणून मोकळा होतो. या दोन्ही टोकांपासून विद्यार्थ्याला दूर ठेवणे, हे या क्रमाचे काम आहे.

पहिली पायरी : प्रवेशाचे दार ठरवणे

पदवीचे शिक्षण चालू असेल तर मार्ग सर्वांत सोपा आहे. कोकणातील या तिन्ही जिल्ह्यांतली पारंपरिक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयासोबत गौण विषय घेण्याची सोय आहे. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र गौण विषय म्हणून मिळतो का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांची श्रेयांकेही पदवीत धरता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्यास विद्यापीठ परवानगी देऊ शकते. अशी परवानगी आपोआप मिळत नाही. अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटून तो अभ्यासक्रम मान्य होईल का, हे लेखी स्वरूपात विचारून घ्यावे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत विद्यानगरी येथील मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे शिक्षणकेंद्र, गोरेगाव येथील रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, आणि पुण्यात १९३० पासून चालू असलेली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था ही तीन ठिकाणे प्रथम पाहावीत. ज्यांना नोकरी किंवा घर सोडून जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचे अर्थशास्त्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. दूरशिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम घेताना तो अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या मान्यता-यादीत त्या वर्षासाठी आहे की नाही, हे स्वतः तपासावे.

पदवीची गरज नसलेल्या, केवळ विषय समजून घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीने ही पायरी ओलांडून थेट पुढे जावे.

दुसरी पायरी : गणिताची डागडुजी

कला शाखेतून आलेले अनेक विद्यार्थी येथेच घाबरतात, आणि ते घाबरणे अनाठायी आहे. सुरुवातीला लागणारे गणित अकरावी-बारावीच्या पलीकडचे नाही : चक्रवाढ, लॉगॅरिदम, फलन आणि त्याचा आलेख, विकलनाची प्राथमिक कल्पना, सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध. एवढ्यासाठी रोजचा एक तास याप्रमाणे दीड-दोन महिने पुरतात, आणि हा अभ्यास स्थूल अर्थशास्त्राच्या बरोबरीने चालू ठेवता येतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी पक्की करावी, ती म्हणजे टक्के आणि टक्केबिंदू यांतील फरक. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देण्याचा तिचा दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. ही वाढ अडीच टक्केबिंदूंची आहे. मूळ दराच्या तुलनेत ती ६२.५ टक्के आहे. वृत्तपत्रांतही या दोन्हींची सरमिसळ होते, आणि डीफायच्या जाहिरातींत ती पुष्कळदा हेतुपुरस्सर केलेली असते.

तिसरी पायरी : स्थूल अर्थशास्त्राचे एक पूर्ण सत्र

या पायरीला चार ते पाच महिने द्यावेत आणि घाई करू नये. ‘स्वयम्’वर आणि त्याचाच भाग असलेल्या आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमात स्थूल अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम वेळोवेळी सुरू होतात, व्याख्याने पाहण्यास शुल्क नाही, प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या स्थूल अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे साहित्य सर्वांसाठी खुले ठेवले आहे. एक मुख्य अभ्यासक्रम निवडावा आणि तोच शेवटपर्यंत न्यावा. तीन ठिकाणी नावे नोंदवून तिन्ही अर्धवट सोडण्यापेक्षा हे फार फलदायी ठरते. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असल्याने व्याख्याने आणि टिपणे मे महिन्यातच उतरवून ठेवावीत. एनपीटीईएलच्या काही व्याख्यानांच्या लिखित प्रती मराठीतही मिळतात, त्यांचा पारिभाषिक शब्द बसवण्यासाठी चांगला उपयोग होतो.

विषयाचा क्रम साधारणपणे राष्ट्रीय उत्पन्न, भाववाढ, पैसा आणि बँका, पतधोरण, अंदाजपत्रक आणि राजकोषीय तूट, व शेवटी परकीय व्यापार आणि विनिमय दर असा असतो. प्रत्येक प्रकरण वाचताना आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण वहीत लिहून काढण्याची सवय लावावी, कारण कोकणाची अर्थव्यवस्था या विषयाच्या विद्यार्थ्यासाठी उदाहरणांनी भरलेली आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण घ्या. मुंबईत काम करणारा चाकरमानी गणपतीला किंवा दर महिन्याला गावी पैसे पाठवतो, तेव्हा त्याने केलेल्या कामाचे उत्पादन मुंबईच्या हिशेबात मोजलेले असते, आणि त्या पैशांचा खर्च मात्र चिपळूण किंवा कणकवलीच्या बाजारपेठेत होतो. म्हणजे एखाद्या भागात झालेले उत्पादन आणि तेथील लोकांच्या हाती खर्चासाठी असलेले उत्पन्न या दोन राशी वेगळ्या आहेत. देशाच्या पातळीवर स्थूल देशांतर्गत उत्पादन, स्थूल राष्ट्रीय उत्पन्न आणि परदेशस्थ नागरिकांनी पाठवलेल्या रकमा यांत जो भेद केला जातो, तो या एका उदाहरणातून स्पष्ट होतो. विनिमय दराचे प्रकरणही असेच आहे. रुपया डॉलरच्या तुलनेत घसरला की कोळंबी किंवा हापूस निर्यात करणाऱ्याला त्याच डॉलरचे अधिक रुपये मिळतात. परंतु आफ्रिकेतून आयात केलेली कच्ची काजू बी फोडणाऱ्या सिंधुदुर्गातील कारखानदाराचा कच्चा माल महाग होतो, आणि मिरकरवाडा बंदरातून बाहेर पडणाऱ्या यांत्रिक नौकेच्या डिझेलवरही खनिज तेलाच्या डॉलरमधल्या किमतीचा भार येतो. एकाच तालुक्यात रुपयाच्या घसरणीचे लाभार्थी आणि तिचा फटका बसणारे शेजारी-शेजारी राहतात, त्यामुळे ‘रुपया घसरणे चांगले की वाईट’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा विद्यार्थी प्रकरण समजलेला नसतो.

पैसा आणि बँका या प्रकरणावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण डीफायचा सगळा अभ्यास पुढे यावरच उभा राहणार आहे. बहुतेकांची समजूत अशी असते की बँक एकाची ठेव घेते आणि ती दुसऱ्याला कर्ज म्हणून देते. वहीत ताळेबंद मांडून पाहावा. बँकेने काजू प्रक्रिया करणाऱ्या उद्योजकाला ५ लाख रुपयांचे कर्ज मंजूर केले की बँकेच्या मालमत्तेच्या बाजूस ५ लाखांचे कर्ज येते, आणि त्याच क्षणी देण्यांच्या बाजूस त्या उद्योजकाच्या खात्यात ५ लाखांची ठेव जमा होते. कोणाही ठेवीदाराच्या खात्यातून एक रुपयाही कमी झालेला नाही. कर्ज देण्याच्या क्रियेतूनच नवी ठेव, म्हणजे नवा पैसा, निर्माण झाला आहे. त्या उद्योजकाने दुसऱ्या बँकेत खाते असलेल्या व्यापाऱ्याला पैसे दिले की पहिल्या बँकेची रिझर्व्ह बँकेतील शिल्लक कमी होऊन दुसरीची वाढते. हे तीन ताळेबंद, म्हणजे पहिली बँक, दुसरी बँक आणि रिझर्व्ह बँक, न पाहता मांडता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतर पतधोरण. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन भाववाढीचे उद्दिष्ट ठरवण्याची चौकट आली. ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित भाववाढ ४ टक्के, आणि त्याच्या खाली-वर २ टक्केबिंदूंची मुभा, असे उद्दिष्ट त्या वर्षी ठरले. सहा सदस्यांची पतधोरण समिती मतदानाने रेपो दर ठरवते. तीन सदस्य रिझर्व्ह बँकेचे आणि तीन केंद्र शासनाने नेमलेले असतात, व मते समसमान झाल्यास गव्हर्नरांना निर्णायक मत असते. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते आणि त्यात प्रत्येक सदस्याने आपल्या मताची कारणे लिहिलेली असतात. एका बैठकीचे इतिवृत्त घेऊन प्रत्येक सदस्याचा युक्तिवाद चार-पाच वाक्यांत मराठीत उतरवणे, हा माझ्या मते या संपूर्ण सत्रातला सर्वांत उपयुक्त स्वाध्याय आहे, कारण तज्ज्ञ एकाच आकडेवारीवरून वेगवेगळ्या निष्कर्षांना कसे येतात ते येथे उघड दिसते. त्याच बैठकीच्या महिन्यातील भाववाढीचा दर आपल्या बँकेच्या एका वर्षाच्या मुदत ठेवीच्या व्याजातून वजा करून पाहावा. एप्रिल २०२२ मध्ये ग्राहक भाववाढ ७.७९ टक्के होती. अशा वेळी ६ टक्के व्याज देणाऱ्या ठेवीचा वास्तव दर शून्याच्या खाली असतो. नाममात्र आणि वास्तव व्याजदरातला हा फरक डीफायमध्ये पावलोपावली लागणार आहे.

येथे एक आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. हा विषय कोकणाला परका नाही. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पीय भाषणात सरकारी शिलकीची चिकित्सा करून दाखवले की रुपयाचा विनिमय दर वाढल्यानंतरही कर जुन्याच उंचीवर ठेवल्यामुळे ती शिल्लक दिसत होती आणि तिचा भार गरीब रयतेवर पडत होता. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये डी.एस्सी. पदवीसाठी रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे भारतीय चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. या तिघांचे मूळ लेखन आणि भाषणे सहज उपलब्ध आहेत. गोखल्यांचे भाषण तर स्थूल अर्थशास्त्राचे सत्र संपताना अवश्य वाचावे. आकडे हाताशी धरून युक्तिवाद कसा बांधावा, याचा तो उत्तम पाठ आहे.

चौथी पायरी : डीफायचा विद्यापीठीय अभ्यासक्रम

या टप्प्यावर विद्यार्थ्यासमोर पर्याय बरेच असतात, आणि त्यांतले विद्यापीठांचे कोणते व विक्रेत्यांचे कोणते, हे ओळखणे सोपे नसते. मी पुढील क्रम सुचवतो. प्रथम मॅसॅच्युसेट्सच्या वर उल्लेखलेल्या संस्थेत २०१८ मध्ये गॅरी गेन्स्लर यांनी शिकवलेला ब्लॉकचेन आणि पैसा या विषयावरील अभ्यासक्रम पाहावा. त्याची सर्व व्याख्याने खुली आहेत. गेन्स्लर पुढे २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाचे अध्यक्ष होते, आणि नियामकाच्या दृष्टीने या विषयाकडे पाहायला या व्याख्यानांतून शिकता येते. त्यानंतर ड्यूक विद्यापीठाचे कॅम्पबेल हार्वे यांची कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील डीफायची चार भागांची मालिका घ्यावी. ती वित्तशास्त्राच्या अंगाने जाते आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला झेपते. ज्यांना संगणकशास्त्राची पार्श्वभूमी आहे, त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२१ मध्ये झालेला डीफायचा खुला अभ्यासक्रम पाहावा. सायप्रसमधील निकोसिया विद्यापीठाने २०१४ मध्ये डिजिटल चलनावरील पदव्युत्तर पदवी सुरू केली. सायप्रसमध्ये आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, बँका कोसळून मोठ्या ठेवीदारांच्या ठेवींना कात्री लागली होती, ही पार्श्वभूमी स्थूल अर्थशास्त्र शिकलेल्या वाचकाने लक्षात ठेवावी.

अभ्यासक्रम कोणताही असला तरी विषयांची मांडणी साधारण सारखी असते. बिटकॉइनचा आराखडा ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याची साखळी ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. एकूण २ कोटी १० लाखांहून अधिक बिटकॉइन कधीही निर्माण होणार नाहीत, ही मर्यादा त्याच्या नियमावलीतच आहे. डॉ. आंबेडकरांनी शंभर वर्षांपूर्वी रुपयाच्या निर्मितीला निश्चित मर्यादा घालावी असा आग्रह धरला होता, कारण चलन वाढवण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडणे त्यांना धोक्याचे वाटत होते. दोन्ही प्रस्ताव शेजारी ठेवून वाचणे फार उद्बोधक आहे. निश्चित मर्यादेच्या चलनावरचा मुख्य आक्षेपही याच ठिकाणी समजून घ्यावा : अर्थव्यवस्थेतील पैशाची मागणी हंगामानुसार आणि संकटानुसार बदलते, आणि पुरवठा तिला प्रतिसाद देऊ शकत नसेल तर सगळा ताण किमतीवर पडतो.

एथेरियमची साखळी जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यावर लिहिलेले स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे अटी पूर्ण होताच आपोआप अंमलात येणारी संगणकीय आज्ञावली, हा डीफायचा पाया. त्यावर कर्जव्यवहार कसा चालतो हे समजण्यासाठी आपल्याकडची सोनेतारण कर्जे डोळ्यांसमोर आणावीत : पतसंस्थेत दागिना ठेवून त्याच्या मूल्यापेक्षा कमी रक्कम उचलली जाते, कर्जदाराचे उत्पन्न फारसे विचारले जात नाही, आणि सोन्याचा भाव पडून तारण अपुरे ठरले तर जास्तीचे तारण मागितले जाते किंवा लिलाव होतो. मेकर (२०२४ मध्ये तिचे नाव ‘स्काय’ झाले), आवे, कंपाउंड या डीफाय प्रणालींत तारण ईथरसारख्या, म्हणजे एथेरियमच्या मूळ नाण्यासारख्या, मालमत्तेचे असते, भाव सांगणारी ‘ओरॅकल’ नावाची व्यवस्था असते, आणि तारण ठरलेल्या पातळीखाली गेले की मुदतवाढ न देता विक्री होते. आपला पतसंस्थेचा व्यवस्थापक नोटीस देतो, चार दिवस थांबतो. येथे थांबणारा कोणी नाही. शिवाय कर्जापेक्षा जास्त तारण असलेल्यालाच कर्ज मिळत असल्याने, ज्याच्याकडे काही नाही त्याला भांडवल पुरवण्याचे बँकेचे मूळ काम या रचनेत होत नाही, हेही नोंदवून ठेवावे.

विकेंद्रित विनिमयकेंद्राचे गणित कागदावर सोडवलेच पाहिजे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या युनिस्वॉपच्या मूळ रचनेत दोन नाण्यांचा साठा असतो आणि त्यांच्या संख्यांचा गुणाकार कायम राहतो. समजा साठ्यात १० ईथर आणि २०,००० डाय (मेकर प्रणालीतून निघणारे, डॉलरच्या मूल्याशी बांधलेले नाणे) आहेत. गुणाकार २,००,००० आणि भाव एका ईथरला २,००० डाय. कोणी १ ईथर विकत घेतला तर साठ्यात ९ ईथर उरतात, म्हणून डाय २२,२२२ व्हायला हवेत. खरेदीदाराला शुल्क सोडून सुमारे २,२२२ डाय मोजावे लागतात. साठा लहान असेल तर मोठी खरेदी किती महाग पडते, ते यातून कळते. आता बाहेरच्या बाजारात ईथरचा भाव चौपट, म्हणजे ८,००० डाय झाला असे धरा. लोक साठ्यातून स्वस्त ईथर उचलत राहतील, आणि शेवटी तेथे ५ ईथर आणि ४०,००० डाय उरतील. एकूण मूल्य ८०,०००. ज्याने मूळचे १० ईथर आणि २०,००० डाय साठ्यात न घालता नुसते जवळ ठेवले असते, त्याच्याकडे १,००,००० डाय मूल्याची मालमत्ता असती. हा २० टक्क्यांचा फरक तरलता पुरवणाऱ्याने सोसलेला असतो, आणि त्याला मिळणारे शुल्क या फरकापेक्षा जास्त आहे की कमी, हाच खरा प्रश्न आहे. जाहिरातीत फक्त शुल्काचा टक्का दिसतो.

पाचवी पायरी : दोन्ही विषय एकत्र आणणारी एक घटना

मार्च २०२३ मधील यूएसडीसी या स्टेबलकॉइनची, म्हणजे डॉलरच्या मूल्याशी बांधलेल्या नाण्याची, घटना मुळापासून अभ्यासावी, कारण तिच्यात आतापर्यंत शिकलेले सगळे एकत्र येते. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पासून व्याजदर शून्याजवळून झपाट्याने वाढवले. व्याजदर वाढले की जुन्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांची किंमत घटते. सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवी अशाच रोख्यांत गुंतवल्या होत्या. तोटा उघड होताच ठेवीदार धावले आणि १० मार्च २०२३ रोजी बँक बंद पडली. यूएसडीसीच्या राखीव निधीपैकी ३.३ अब्ज डॉलर त्याच बँकेत होते. हे जाहीर होताच एक डॉलरला बांधलेले ते नाणे नव्वद सेंटच्याही खाली गेले. त्याच्याबरोबर डायही घसरले, कारण डायच्या तारणात यूएसडीसीचा मोठा वाटा होता. रविवारी, १२ मार्च रोजी, अमेरिकी शासनाने त्या बँकेच्या सर्व ठेवींना संरक्षण दिले आणि दोन्ही नाणी पुन्हा डॉलरजवळ आली.

विद्यार्थ्याने या घटनेचे चार ताळेबंद मांडावेत : फेडरल रिझर्व्ह, बुडालेली बँक, यूएसडीसी काढणारी कंपनी आणि मेकर प्रणाली. मग स्वतःला विचारावे की यात विकेंद्रित नेमके काय होते आणि शेवटी स्थैर्य कोणी दिले. त्याच्या जोडीला मे २०२२ मधील टेरा-यूएसटी या, डॉलरशीच बांधलेल्या, नाण्याची पडझड ठेवावी. तेथे नाण्यामागे डॉलरचा राखीव साठा नसून दुसऱ्या नाण्याशी बांधलेली अदलाबदलीची यंत्रणा होती, आणि ठेवीवर सुमारे १९-२० टक्के व्याज दाखवले जात होते, जे कर्जदारांकडून येणाऱ्या व्याजातून भागत नव्हते.

सहावी पायरी : हाताने करून पाहणे, पण खऱ्या पैशांशिवाय

एथेरियमचे ‘सेपोलिया’ हे चाचणी-जाळे आहे. त्यावरच्या ईथरला बाजारमूल्य नसते आणि ते सरावासाठी मोफत मिळते. सरावासाठी वेगळे डिजिटल पाकीट (वॉलेट) उघडावे, एक व्यवहार पाठवावा, एथेरियमवरचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर तो शोधून त्यातील प्रत्येक रकाना वहीत समजावून लिहावा, आणि प्रोग्रॅमिंगची आवड असल्यास रीमिक्स या ब्राउझरमधून चालणाऱ्या साधनात एक लहान कॉन्ट्रॅक्ट लिहून चढवावे. पाकिटाचे पुनर्प्राप्तीचे शब्द कोणालाही, शिक्षकालासुद्धा, दाखवू नयेत. अभ्यासाच्या संपूर्ण काळात या बाजारात स्वतःचा किंवा घरचा एक रुपयाही घालू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्याचे पैसे अडकले आहेत, त्याचे निरीक्षण निःपक्षपाती राहत नाही.

कायद्याची स्थितीही याच वेळी समजून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनाशी संबंधित सेवा देण्यास मनाई केली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ च्या वित्त कायद्याने आभासी डिजिटल मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस आणला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ पासून हे व्यवहार हाताळणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग (अवैध पैसा वैध भासवणे) प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. ही नाणी भारतात वैध चलन नाहीत. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, ज्याचा किरकोळ वापराचा प्रायोगिक टप्पा १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तो मात्र रिझर्व्ह बँकेचे देणे आहे, आणि परीक्षेत या दोहोंची गल्लत हमखास होते.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटात ‘डीफाय कोर्स’ म्हणून बोलावून हमखास परतावा सांगणारा, किंवा शिकण्यासाठी आधी ठरावीक नाणे विकत घ्यायला लावणारा, तो शिक्षक नव्हे. कोणाची फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवावे, आणि बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर करावी.

सातवी पायरी : स्वतःचा प्रकल्प

प्रमाणपत्रांची चळत जमवण्यापेक्षा वीस-पंचवीस पानांचा एक नीट लिहिलेला प्रकल्प प्रवेशाच्या मुलाखतीत अधिक उपयोगी पडतो. विषय आवाक्यातला असावा. रिझर्व्ह बँक जिल्हानिहाय ठेवी आणि कर्जे यांची आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध करते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कर्ज-ठेव गुणोत्तर दहा वर्षांत कसे बदलले, आणि बाहेरगावाहून येणाऱ्या पैशांचा त्याच्याशी काय संबंध असू शकतो, हा शुद्ध स्थूल अर्थशास्त्राचा प्रकल्प होईल. अधिक-तारणाची कर्जरचना आंबा बागायतदाराच्या हंगामी भांडवलाची गरज का भागवू शकत नाही, हे पतसंस्थेच्या नियमांशी तुलना करून दाखवणे, हा दोन्ही विषयांना जोडणारा प्रकल्प होईल. त्यासाठी आपल्या गावातील एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन प्रश्नावली भरून घ्यावी, आणि कोणाही कर्जदाराचे नाव अहवालात येऊ देऊ नये.

मार्गदर्शक म्हणून आपल्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक पुरेसे आहेत. त्यांना डीफायची माहिती नसली तरी हरकत नाही. त्यांच्याकडे जाताना प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात, आकडेवारीचा स्रोत, वापरायची पद्धत आणि तीन महिन्यांचे वेळापत्रक असा एका पानाचा आराखडा न्यावा. सोबत तिसऱ्या आणि पाचव्या पायरीतील ताळेबंदांची वही असावी, म्हणजे पहिल्याच भेटीत कामाच्या प्रश्नांवर बोलता येईल. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांच्या तारखा दरवर्षी बदलत असल्याने त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर दिवाळीनंतर नियमितपणे पाहाव्यात, आणि प्रकल्पाचा मसुदा त्याआधी पूर्ण होईल अशा बेताने जुलैमध्येच काम सुरू करावे.